पाच मिलिमीटरची परीक्षा: रेल्वे सांध्याच्या चालत्या मॉडेलच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

शाळेला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 'रेल्वेचं काहीतरी' हवंय. दौंडमध्ये राहून दुसरं काय मागणार! वाफेचं इंजिन दरवर्षी कुणीतरी करतंच. आपण सांधा करायचा. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा, रेल्वेवाल्यांच्या तोंडी पॉइंट. चालता, सिग्नलला जोडलेला, हात लावून बघता येईल असा.

कारण साधं आहे. गाडी कोण वळवतं असं भाचीच्या मैत्रिणींना विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच: ड्रायव्हर. स्टेशनच्या पादचारी पुलावरून रोज गाड्या बघणाऱ्या मुली या. लोको पायलटच्या हातात सुकाणू नसतं. वेग वाढवणं आणि ब्रेक लावणं, एवढंच त्याच्याकडे. गाडी मेन लाइनने जाणार की लूपला, म्हणजे बाजूच्या लायनीला, शिरणार हे खाली जमिनीवर आधीच ठरलेलं असतं, आणि त्याला ते सिग्नल सांगतो. मग सिग्नलला कोण सांगतं? मॉडेलमध्ये मला खरं दाखवायचंय ते हे.

१७ नोव्हेंबर

माप ठरवण्यात दिवस गेला. बाजारातली एचओ या मॉडेल-मापाची ट्रॅक १६.५ मिमी रुंदीची असते, ती परदेशी १४३५ मिमी गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. शिवाय एवढ्या लहान मापात जिभेची, म्हणजे सांध्यातल्या सरकणाऱ्या रुळाची, हालचाल मागच्या रांगेतल्या पोराला दिसणारच नाही. म्हणून १:२०. गेज आला ८३.८ मिमी.

आता कोणता सांधा? दोन रूळ एकमेकांपासून किती हळूहळू फुटतात त्यावरून सांध्याचं नाव पडतं. वन इन ट्वेल्व म्हणजे बारा पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल बाजूला. प्रवासी गाड्यांच्या लायनींवर बहुतेक तोच असतो, यार्डात वन इन एट अँड हाफ. पहिल्याची वळणाची त्रिज्या ४४१ मीटर, दुसऱ्याची २३२. खरा वन इन ट्वेल्व साधारण ४० मीटर लांब, म्हणजे माझ्या मापात दोन मीटर. शाळेचं टेबल १.८ मीटर. प्रश्न मिटला, साडेआठचा करायचा. तो दीड मीटरच्या आत बसतो आणि दोन्ही बाजूंना बोगी, म्हणजे डब्याखालचा दोन आसांचा गाडा, उभी करायला जागा उरते.

वहीत उतरवलेली मापं, आधी खरं, मग मॉडेलचं: जिभेचा रूळ ६४०० मिमी, म्हणजे ३२० मिमी. जीभ उघडी असताना टोकापाशी फट ११५ मिमी, म्हणजे पावणेसहा. क्रॉसिंगजवळची, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथली, चाक जायची वाट ४४ मिमी, म्हणजे २.२. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर १६०० मिमी, म्हणजे ८०. चाकाची रुंदी १२७, म्हणजे ६.३५.

२४ नोव्हेंबर

रूळ म्हणून ८ बाय ३ मिमीची पितळी पट्टी उभी वापरतोय. रुळाचा खरा आकार नाही, पण आतली कड सरळ आणि स्वच्छ मिळते, आणि चाकाला तीच लागते. लाकडी फळीवर सागवानाचे स्लीपर. सांध्याखाली ते पंख्यासारखे थोडे थोडे तिरके होत जातात, आणि लांबीही वाढत जाते.

बाहेरचे दोन रूळ जागचे हलत नाहीत, त्यांना स्टॉक रेल म्हणतात. आत दोन जिभा, टंग रेल. त्या टोकाला निमुळत्या, बुडाशी पक्क्या, आणि आडव्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या, म्हणून दोघी एकदम सरकतात. एक स्टॉक रेलला चिकटली की दुसरी आपल्या स्टॉक रेलपासून दूर जाते.

भाचीला कागदावर दोनदा काढून दाखवलं तरी तिची मान हलेना. उजवीकडे जायचं असेल तर चिकटते ती डावी जीभ. तिला वाटे उजवी. मग चाक हातात दिलं. चाकाची उंच कड, फ्लँज, रुळाच्या आतल्या बाजूला असते. डावं चाक येतं, चिकटलेल्या डाव्या जिभेवर चढतं, फ्लँज तिच्या आतल्या अंगाला टेकते आणि जीभ जसजशी उजवीकडे वळते तसतसं चाक ढकललं जातं. उजव्या चाकाला काहीच करायचं नसतं. उजवी जीभ उघडी आहे, त्या फटीतून त्याची फ्लँज निघून जाते. आस एकच, म्हणून एक चाक वळलं की दुसरं आलंच. "म्हणजे जी उघडी दिसते तिकडे गाडी जाते," ती म्हणाली. बरोबर. पाटीवर हेच लिहायचं.

जीभ कानशीने घासणं हे या आठवड्याचं खरं काम. टोक कागदासारखं पातळ करून भागत नाही. ते स्टॉक रेलच्या माथ्यापेक्षा किंचित खालीही हवं, म्हणजे सुरुवातीला चाकाचं वजन स्टॉक रेलवरच राहतं आणि जीभ जाड झाल्यावर हळूच तिच्यावर येतं. टोकावर सगळं वजन पडलं तर खऱ्या रुळाचाही तुकडा उडेल. दोन्ही जिभा व्हाइसमध्ये पाठीला पाठ लावून घासल्या. हाताला फोड.

१ डिसेंबर

लेथवाल्याकडून चाकं आली. व्यास ४५.७ मिमी, डब्याच्या ९१५ मिमी चाकाप्रमाणे. माथ्याला विसास एक उतार मागितला होता, दिलाय. बोगीच्या दोन आसांत १४५ मिमी अंतर ठेवलं, आयसीएफ डब्याच्या २८९६ मिमीवरून. बाकी काही नाही, दिवसभर वीज नव्हती.

८ डिसेंबर

क्रॉसिंग. सांध्यातला सगळ्यात चमत्कारिक भाग, आणि लोक बघतात जिभांकडे.

आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात. तिथे एकाची फ्लँज जाणार तर दुसऱ्याचा रूळ तोडावाच लागतो. म्हणजे ऐन छेदावर रुळात भोक. किती मोठं? चाकाची वाट ४४ मिमी आणि कोन साडेआठास एक, तर गुणाकार ३७४ मिमी. वन इन ट्वेल्वला ५२८, जवळजवळ पावणेदोन फूट. कोन जितका बारीक, वळण जितकं अलगद, तितकं भोक लांब. एकीकडे कमावलं ते दुसरीकडे द्यावं लागतं.

त्या भोकावरून चाक पडत नाही, कारण ते रुंद आहे. पुढचा टोकदार भाग, नाक, येईपर्यंत चाकाची बाहेरची बाजू नाकाशेजारच्या वाकवलेल्या रुळावर, विंग रेलवर, टेकलेली राहते. तिथून नाकावर उतरताना जो दणका बसतो तो आपल्याला डब्यात ऐकू येतो. एकाच जागी प्रत्येक चाकाचा दणका, म्हणून तिथे साधं पोलाद टिकत नाही. ओतीव मँगनीज पोलादाची क्रॉसिंग बसवतात. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद मार खाऊन वरून आणखी कडक होत जातं. परदेशात अतिवेगवान मार्गांवर नाकच हलतं ठेवतात आणि भोक बुजवून टाकतात.

पण भोकात शिरलेलं चाक नाकाच्या चुकीच्या बाजूला गेलं तर? तिथे रूळ नाहीच त्याला धरायला. त्याला धरतं पलीकडचं चाक. समोरच्या बाहेरच्या रुळाला आतून एक आखूड रूळ समांतर लावलेला असतो, चेक रेल. तो पलीकडच्या चाकाची पाठ धरून ठेवतो आणि आस नाकाकडे सरकू देत नाही. वहीतला हिशोब: गेज ८३.८, चेक रेलची फट २.२, तर चेक रेलच्या अंगापासून नाकाच्या अंगापर्यंत ८१.६. एका चाकाच्या पाठीपासून दुसऱ्याच्या फ्लँजच्या तोंडापर्यंत ८० अधिक फ्लँजची जाडी १.४, म्हणजे ८१.४. शिल्लक ०.२ मिमी. एवढ्यावर सगळं उभं आहे.

मुद्दाम चेक रेल सैल करून फट ३ मिमी केली. बोगी ढकलली की नाकावर टिक् असा आवाज, आणि पितळेवर ओरखडा. पूर्ण काढून टाकली तेव्हा बोगी कधी नीट गेली, कधी पुढचं चाक एका लायनीला आणि मागचं दुसऱ्या लायनीला. प्रदर्शनात चेक रेल दोन स्क्रूंवर काढता येईल अशीच ठेवणार. बोलून समजावण्यापेक्षा हे बरं.

१५ डिसेंबर

उलट्या दिशेने चालवून पाहिलं. जिभांच्या टोकाकडून येणारी गाडी फेसिंग, क्रॉसिंगकडून येणारी ट्रेलिंग. फेसिंगला सांधा गाडीला वाट देतो. ट्रेलिंगला गाडीच सांध्यातून बाहेर पडते; सांधा दुसऱ्या बाजूला लावलेला असेल तर चाकाची फ्लँज चिकटलेल्या जिभेच्या मागे घुसून तिला उचकटते. आता कुलूप बसवलेलं नाही म्हणून माझी बोगी जिभा ढकलत आरामात निघून गेली. खऱ्या सांध्यात असं झालं तर दांड्या वाकतात आणि यंत्र तुटतं. त्याहून वाईट म्हणजे गाडी निघून जाते, जिभा अर्धवट उघड्या राहतात, आणि तीच गाडी मागे घेतली तर रुळावरून उतरते.

अर्धवट लागलेला सांधा टोकाकडून येणाऱ्या गाडीलाच सगळ्यात घातक. म्हणून जुन्या काळी रेल्वेवाले मुख्य मार्गावर फेसिंग सांधे शक्य तितके टाळायचे.

२९ डिसेंबर

शेजारचे काका आले. जन्म सिग्नल खात्यात गेला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, बोटं अजून तारा सोलल्यासारखी हलतात. मी सर्व्हो, म्हणजे सांगितलं तेवढीच फिरणारी छोटी मोटार, बसवून ठेवली होती. बटण दाबलं, जिभा सरकल्या, पलीकडे जाऊन चिकटल्या. मला वाटलं आता शाबासकी.

काका म्हणाले, "सरकल्या. मग?"

"मग झालं की काका. सांधा लागला."

"अरे, दार लोटलं म्हणजे कडी लागली का?"

मग तासभर शिकवणी. त्यातलं आठवतं तसं लिहून ठेवतो.

पॉइंट मशीन एकाच फेऱ्यात तीन कामं करतं. आधी कुलूप काढतं, मग जिभा सरकवतं, मग पुन्हा कुलूप लावतं. यातलं मधलं काम सगळ्यात सोपं. कुलूप अशा बेताने करतात की जीभ पूर्ण चिकटल्याशिवाय ते लागूच नये. आणि ते तसं आहे की नाही हे तपासायची एक ठरलेली परीक्षा असते: जिभेच्या टोकापासून १५० मिमीवर, जीभ आणि स्टॉक रेल यांच्या मध्ये ५ मिमी जाडीचा तुकडा ठेवायचा आणि पॉइंट फिरवायचा. कुलूप लागता कामा नये. केबिनमध्ये पॉइंट लागल्याची खूण येता कामा नये. मोटारीचा क्लच घसरत राहिला पाहिजे, म्हणजे मोटार जळत नाही. पाच मिलिमीटरला कुलूप लागलं तर पॉइंट नापास, मग तो बाकी कितीही छान हलो.

"पावसाळ्यात एक खडी पुरते," काका म्हणाले. "गाडीच्या हादऱ्याने उडते, बरोबर जिभेत जाऊन बसते. मग पॉइंट फेल, आणि प्रवासी आम्हाला शिव्या देतात. मी म्हणायचो, द्या. फेल झाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं."

खडी निघेना किंवा मोटारच चालेना, तर माणूस क्रँक हँडल घेऊन जातो, हाताने पॉइंट फिरवतो, जीभ क्लॅम्पने आवळतो आणि वर कुलूप ठोकतो. मग गाडी हळू सोडतात. लोकल अडकल्या की मुंबईकर फक्त उद्घोषणा ऐकतो. त्या वेळी कुणीतरी रुळात वाकून हे करत असतं.

माझ्या मापात ५ मिमी म्हणजे ०.२५ मिमी. व्हिजिटिंग कार्डाएवढी जाडी. काकांनी खिशातून खरंच एक कार्ड काढून जिभेत ठेवलं. सर्व्होने जोर लावला, जीभ वाकली, आणि टोक चिकटल्यासारखं दिसलं. नापास.

५ जानेवारी २०२५

कुलपाची रचना ठरली. जिभांना जोडणाऱ्या पुढच्या दांडीत दोन खाचा, एक नॉर्मलसाठी (सरळ वाट), एक रिव्हर्ससाठी (वळणाची वाट). दांडीच्या काटकोनात ३ मिमीचा पोलादी खिळा, तो दुसऱ्या लहान सर्व्होने पुढे सरकतो. खाच ३.२ मिमी. दांडी नेमक्या जागी आली तरच खिळा आत जातो. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर दांडीवर आपटून थांबतो. जुन्या यांत्रिक केबिनच्या फेसिंग पॉइंट लॉकचं तत्त्व हेच. जीभही टोकापाशी कमी वाकावी म्हणून दांडी टोकाच्या आणखी जवळ आणली.

जिभा ज्यांवर सरकतात त्या स्लाइड प्लेटवर ग्रॅफाइट लावलं. खऱ्या सांध्यालाही वंगण लागतं, नाहीतर जीभ घासत राहते.

१२ जानेवारी

जीभ चिकटली हे सिग्नलला कसं कळणार, यावर आठवडा गेला. सर्व्होला हुकूम दिला म्हणून सिग्नल हिरवा करणं सोपं आहे आणि साफ चूक आहे. हुकूम म्हणजे पुरावा नव्हे. काकांची अट अशी: दोन्ही जिभांची खबर वेगवेगळी घ्यायची, आणि ती जिभेच्या टोकाकडूनच. मोटारीकडून नाही, आडव्या दांडीकडूनही नाही. दांडी तुटली तर मोटार आपली मजेत फिरत राहील.

मायक्रोस्विच पाव मिलिमीटरचा फरक ओळखत नाही. म्हणून प्रत्येक जिभेच्या टोकाला पातळ तार, तार एका तरफेला, तरफेची दुसरी भुजा सहापट लांब. टोकाचा ०.२५ मिमी स्विचपाशी दीड मिमी होतो. तेवढं पुरलं.

आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, फक्त सर्व्हो फिरवायला ठेवलाय. सिग्नलचा निर्णय रिलेंचा, म्हणजे वीज मिळाली की उचलले जाणाऱ्या स्विचांचा. १२ व्होल्टची तार आधी डाव्या जिभेच्या स्विचमधून जाते, मग उजव्या, मग कुलपाच्या खिळ्याच्या स्विचमधून, आणि शेवटी रिलेला पोचते. रिले उचलला तरच हिरवा. वाटेत कुठेही तार तुटली, स्विच गंजला, वीज गेली, तर रिले पडतो आणि लाल लागतो. सगळी मेख या 'पडण्यात' आहे: बिघाड झाला की यंत्रणा स्वतःहून सुरक्षित बाजूला गेली पाहिजे.

मेन लाइनला हिरवा. लूपला पिवळा आणि डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ, म्हणजे लोको पायलटला कळतं की वळायचंय आणि वेग कमी हवा.

कार्ड ठेवून परीक्षा घेतली. खिळा आपटला, रिले उचलला नाही, लाल तसाच. काकांना फोन केला. "दुसऱ्या बाजूची घेतलीस का?" घेतली. तीही पास.

१९ जानेवारी

आता उलट काळजी. सांधा लागला, कुलूप लागलं, गाडी वर आली, आणि कुणीतरी बटण दाबलं तर? पुढची चाकं एका वाटेला, मागची दुसरीला.

जुन्या काळी यासाठी जिभांच्या अलीकडे रुळाला लागून एक लांब पट्टी असायची. कुलूप काढायचं तर ती आधी वर उचलावी लागे, आणि वर चाक उभं असलं की ती उचललीच जात नसे. आता ट्रॅक सर्किट असतं. दोन रुळांना हलका विद्युत्प्रवाह दिलेला, तो पलीकडे रिले उचलून धरतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह तिथूनच परततो, रिले पडतो. रिले पडलेला असेपर्यंत पॉइंटच्या मोटारीला वीज मिळत नाही.

पितळी रूळ असल्याने मला हे फुकटात मिळालं असं वाटलं होतं. पण क्रॉसिंगपाशी डाव्या आणि उजव्या बाजूचे रूळ एकमेकांना भिडतात, तिथे गाडी नसतानाही सर्किट जोडलेलंच. खऱ्या सांध्यातही म्हणून ठराविक जागी रूळ कापून मध्ये विजेला अडवणारा तुकडा घालतात. मीही पट्टी करवतीने कापून मध्ये जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे चिकटवले, आणि जिभांना बांधणाऱ्या दांड्या पितळेऐवजी फायबरच्या केल्या.

गाडीखाली सांधा हलला तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमधल्या पॉटर्स बारचं आहे, १० मे २००२. चार डब्यांच्या गाडीचे पुढचे तीन डबे नीट गेले, शेवटच्याखाली सांधा हलला, डबा फलाटावर चढला. सात माणसं गेली. जिभांना जोडणाऱ्या दांड्यांचे नट जागेवर नव्हते. तिथे कुणी बटण दाबलं नव्हतं. सांधा आतून खिळखिळा झालेला होता. नट पाना घेऊन माणसानेच बघावे लागतात.

२६ जानेवारी

आज झेंडावंदनानंतर काका थेट माझ्याकडे. पॅनेलच्या मागे एक जास्तीचा स्विच दिसला, त्यांनी विचारलं हा कशाला. मी सांगितलं, हा टाकला की जिभा लूपला असल्या तरी सिग्नलला त्या मेन लाइनला आहेत असं वाटतं. बाहानगा बाजार समजावण्यासाठी.

बराच वेळ बोलले नाहीत.

२ जून २०२३. ओडिशातल्या बाहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. १७ए क्रमांकाचा पॉइंट मात्र लूपला लागलेला. लूपमध्ये लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. गाडी १२० च्या वर वेगाने आत शिरली, घसरलेले डबे शेजारच्या लायनीवर गेले आणि तिकडून येणारी बेंगळुरू–हावडा गाडी त्यात सापडली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो सिग्नलच्या जोडणीचा: पूर्वी सर्किटमध्ये केलेल्या बदलातल्या त्रुटी, आणि त्या दिवशी फाटकाचं यंत्र बदलण्याच्या कामात झालेली जोडणी. तारांवरची नावं आणि प्रत्यक्षातल्या तारा जुळत नव्हत्या. सांध्याने पुरावा दिला असेल नसेल, सिग्नलपर्यंत जो पोचला तो खोटा होता. त्याच विभागात १६ मे २०२२ ला बांकडा नयाबाज इथेही चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार झाला होता. तेव्हा अपघात झाला नाही, आणि अहवालात त्याचाही उल्लेख आहे.

काकांचं म्हणणं, पोरांच्या हातात खोटं बोलणारा सिग्नल देऊ नकोस. त्यांना गंमत वाटेल, आणि ती गंमत नाही. माझं म्हणणं, हा स्विच नसेल तर रिलेंची सगळी माळ म्हणजे एक भाबडी गोष्ट होते: तार तुटली की लाल, सगळे सुखरूप. तार तुटली तर काय, याची सोय केलेली असते. तार चुकीच्या जागी जोडली तर यंत्रणा पूर्ण खात्रीने चुकीचं बोलते. म्हणूनच जोडणीत हात घातला की पॉइंट प्रत्यक्ष फिरवून, रुळात उभ्या असलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहून, पॅनेलशी पडताळल्याशिवाय गाडी सोडायची नसते.

शेवटी तोडगा निघाला. स्विच ठेवायचा, किल्ली माझ्याकडे. दाखवायचा फक्त आठवीच्या वरच्यांना, बोगी टेबलावरून उचलून ठेवल्यावर.

९ फेब्रुवारी

पाट्या लिहितोय. वेगाची पाटी सगळ्यात आवडली. वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वन इन ट्वेल्ववरून ताशी ३० किमीऐवजी १२० ने गेलं तर वेग चौपट, जोर सोळापट. साध्या वळणावर बाहेरचा रूळ उंच करून थोडी भरपाई करतात, सांध्यात तसं करायला फारशी जागा नसते, कारण सरळ वाटेचेही रूळ त्याच स्लीपरवर असतात. जाड अंगाच्या जिभांचे नवे सांधे आल्यावर काही ठिकाणी हीच मर्यादा ५० पर्यंत नेता आली.

दुसरी पाटी घाटाची. सांधा नेहमी गाडीला हव्या त्या वाटेने नेतो असं नाही. बोरघाटात ३७ ला १ असा उतार आहे. तिथे कॅच सायडिंग आहेत, चढावर जाऊन संपणाऱ्या लायनी. तिकडचा सांधा एरवी सायडिंगलाच लागलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच मेन लाइन मिळते. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. इथे सांधा संशय धरून बसलेला असतो.

१६ फेब्रुवारी

शाळेत रंगीत तालीम. सातवीच्या एका मुलाने विचारलं, नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर गाड्या दिशा कशा बदलतात? बदलत नाहीत. तिथे रूळ एकमेकांना नुसते छेदतात, जिभा नाहीत. छेद, भोकं, दणके, पण निवड नाही. त्याची निराशा झाली. मग चेक रेल काढून बोगी पाडून दाखवली तेव्हा खुलला.

एका मुलीने कार्डाऐवजी वहीचं एक पान जिभेत ठेवलं. कुलूप लागलं, हिरवा आला. "सर, हा तर पकडत नाही!" पान जेमतेम ०.१ मिमी, खऱ्या मापात दोन मिलिमीटर. तेवढं चालतं, आणि चालावंच लागतं. नाहीतर धुळीच्या प्रत्येक कणाला गाडी थांबेल. मग तिने पानाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि कुठे लाल राहतो ते स्वतः शोधून काढलं. पाटीवर आता 'कार्ड ठेवून पाहा' ऐवजी 'कागद घडी घालत जा' असं लिहिलंय.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. गर्दी चेक रेलपाशी आणि कागदाच्या घड्यांपाशी. सिग्नलपाशी पालक जास्त, त्यातले निम्मे रेल्वेतले. त्यांनी काकांना घेरून आपापल्या पॉइंट फेलच्या कथा सुरू केल्या, त्यामुळे समजावायला मी एकटाच उरलो. किल्लीचा स्विच दुपारनंतर दहावीच्या एका तुकडीला दाखवला. कुणी हसलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला डाव्या जिभेची तार ताणली गेली आणि नॉर्मलला रिले उचलेना. लाल लावून बसलो, तार आवळली, दोन्ही बाजूंना कार्डाची परीक्षा घेतली, मग चालू केलं. काकांनी नोंदवहीत वेळ टाकायला लावली.

शाळेला मॉडेल ठेवून घ्यायचंय. पुढच्या वर्षी दोन समांतर लायनी जोडणारा क्रॉसओव्हर करावा असं ठरतंय: दोन सांधे, एकाच हुकमाने फिरणारे, आणि दोघांचीही खबर आल्याशिवाय सिग्नल नाही. जिभा चार, स्विच दुप्पट. पितळी पट्टी आणखी लागेल. लेथवाला म्हणतो मार्च संपू दे, मग बघू.